नवरीसाठी लावलेले पंखे
परवा नातवाचा चार्जर तापला आणि वायर जळल्याचा वास येताच मला धाकट्या बहिणीचं लग्न आठवलं. आमच्या ह्यांच्या जुन्या पिकअपमधून नवरीला मुलुंडहून शहापूरच्या हॉलवर न्यायचं होतं, आणि तिला उकडू नये म्हणून मी, तेव्हाची अतिशहाणी, मागे दोन पंखे, दिव्यांची माळ आणि टेप हट्टाने गाडीच्या बॅटरीला जोडून घेतला. "अगं, जुनी गाडी, एवढा भार नाही पेलायची," हे म्हणाले. "तुम्ही चालवा हो गुपचूप!" हायवेवर गाड्या तुंबल्या तेव्हा जळका वास आला. "पुढच्या ट्रकचा आहे," मी ठणकावलं. मग आमच्याच सीटखालून धूर निघाला, पंखे थांबले, टेप रडला आणि पिकअप बंद पडला. पदर खोचून मी धक्का मारला, सोबत आलेल्या मामांनी मारला, गाडी ढिम्म. घामाने नवरीचं काजळ ओघळलं. "ताई, मुहूर्त जाईल, काहीतरी कर ना गं!" मी नुसती पंख्याचं बटण दाबत राहिले. तेवढ्यात मागून नवऱ्या मुलाचीच गाडी आली. अक्षता पडायच्या आधीच नवरी सासरच्या गाडीत बसून गेली आणि मी विझलेल्या माळेखाली हात हलवत उभी. आता ती आजी झाली, तरी कुठल्याही लग्नाला निघताना तिचा फोन येतोच, "ताई, पंखा घेतलास ना गं?"