आत्याच्या मागच्या दारावरच्या गांधीलमाश्या

आमची आत्या लोकांना मोटार चालवायला शिकवायची. तिने गावातली निम्मी माणसं रस्त्यावर सोडली आणि उरलेली निम्मी त्यांच्यापासून जीव वाचवत फिरली, असं आतोबा म्हणायचे. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. ते कवळ्या बनवायचे. घराच्या मागच्या खोलीत दिवसभर दुसऱ्यांचे दात घासत बसायचे आणि स्वतःचे मात्र विसरायचे, असं आत्या म्हणायची. एकूण संसार बरा चालला होता.

गाडीत आत्या म्हणजे देवमाणूस. शिकाऊ माणसाने गाडी दिव्याच्या खांबावर नेली तरी तिचा आवाज चढत नसे. "हात ढिले सोडा. श्वास घ्या. खांब काही तुमच्या अंगावर येत नाहीये, तुम्हीच त्याला भेटायला निघालाय." घरी आल्यावर मात्र दिवसभर गिळलेलं सगळं आतोबांच्या वाट्याला.

मागच्या दारावरच्या पत्र्याखाली गांधीलमाशीने घर बांधायला घेतलं, तेव्हा ते कोटाच्या बटणाएवढं होतं. माशीही एकटीच. त्याच वेळी ती बाहेर गेल्यावर काठीने खरवडून टाकलं असतं, तर पुढचं रामायण झालं नसतं. पण आतोबा मान वर करून बघत राहिले.

"काय सफाई आहे बघ हिच्या हाताला! माझ्या कवळीला असा आकार येत नाही."

"मग तिलाच ठेवा कामाला," आत्या म्हणाली आणि शिकवणीला गेली.

बटणाची बशी झाली. माश्यांचं कुटुंब वाढलं आणि आतोबांनी त्यांची बडदास्तही ठेवली. खिडकीत सरबताचा पेला उघडा, कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही, झाडाखाली पडलेली अंजिरं तशीच सडत. एके दिवशी सरबताचा घोट घेताना माशी त्यांच्या मिशीवर बसली आणि आतोबांचं कलाप्रेम तिथेच संपलं.

शेजारी एक निवृत्त अधिकारी राहायचे. सगळी गल्ली त्यांना साहेब म्हणे. ते कुठल्या खात्यातून निवृत्त झाले हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, कारण सगळ्याच खात्यांबद्दल ते सारख्याच अधिकाराने बोलत. त्यांनी कुंपणावरून पोळं न्याहाळलं आणि निकाल दिला, "जाळायचं. लांब बांबू, टोकाला रॉकेलचा बोळा. यात काय आहे?"

आत्या घरी नसलेली दुपार त्यांनी निवडली, यातच सगळं आलं. आतोबांनी रेनकोट घातला, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट चढवलं. साहेबांच्या अंगावर फक्त अत्तर आणि अधिकार. बांबू आतोबांच्या हातात, हुकूम साहेबांच्या तोंडात. "डावीकडे! अहो, तुमच्या डावीकडे!"

पेटता बोळा पोळ्याला नुसता चाटून गेला आणि बांबूवरून निसटून खाली वाळत घातलेल्या गादीवर पडला. मोहोळ उठलं. एक माशी हेल्मेटच्या आत शिरली. आतोबा दोन्ही हातांनी स्वतःच्या डोक्यावर बुक्के मारत अंगणभर नाचू लागले. साहेबांनी हातातलं वर्तमानपत्र तलवारीसारखं फिरवलं. हात फिरवावेत तशा माश्या अधिकच चवताळल्या.

तेवढ्यात आत्याची गाडी दारात आली. स्टिअरिंगवर पोस्टातली एक बाई होती, बिचारीची दुसरीच शिकवणी. आत्या मागे आली तर गादी जळतेय, नवरा हेल्मेटशी कुस्ती खेळतोय आणि साहेब पायरीवर बसून मान खाजवतायत.

"अहो, हात खाली! नाचू नका, सरळ घरात चला!" तिने आतोबांना आणि साहेबांना आत ओढलं, दार लावलं. खिडकीतूनच बादलीभर पाणी गादीवर फेकलं. आतोबांनी हेल्मेट काढलं. वरचा ओठ टोमॅटोसारखा सुजला होता. "आधी माझं बघ गं," ते बोबडं बोलले आणि हाताला लागलेलं कवळीचं प्लास्टर ओठावर थापू लागले.

आत्याचं लक्ष साहेबांकडे होतं. त्यांच्या मानेवर एकच डंख होता, पण अंगभर गांध्या उठल्या होत्या, डोळे मिटत चालले होते आणि श्वास घेताना घशात बारीक शिट्टी वाजत होती.

"तुम्हाला नुसतं चावलंय," ती आतोबांना म्हणाली. "यांना चढलंय. तुम्ही साबणाने धुवा, बर्फ लावा आणि गप्प बसा."

साहेबांना घराच्या पुढच्या दाराने नेऊन गाडीत घातलं. पोस्टातल्या बाईला मागे त्यांच्याशेजारी बसवलं आणि आत्या स्वतः स्टिअरिंगवर बसली. जिने कुणाला चाळिसाच्या वर काटा नेऊ दिला नाही, ती बाई टपावर 'शिकाऊ' अशी पाटी मिरवत बस, ट्रक, सगळ्यांना मागे टाकत निघाली. लोक पाटी बघून आपणहून कडेला होत होते. पोस्टातली बाई मोठमोठ्याने सगळ्या देवांना हाका मारत होती. साहेबांसाठी की स्वतःसाठी, हे तिने नंतरही सांगितलं नाही.

दवाखान्यात लगेच मांडीत इंजेक्शन दिलं. शिट्टी हळूहळू थांबली. रात्रभर ठेवून घेतलं.

"बाई, रस्त्यात गर्दी लागली असती तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. "यापुढे हे इंजेक्शन कायम खिशात ठेवायचं. माशी चावली, श्वास अडकला किंवा अंगावर गांध्या उठल्या, की ते टोचायचं आणि सरळ इकडे यायचं. लेपबिप काही नाही."

साहेबांनी आयुष्यात प्रथमच कुणाला उलट सल्ला दिला नाही.

दारावरचं पोळं रोजच्या वाटेत होतं, म्हणून आत्याने जाणकार माणूस बोलावला. तो दिवेलागणीला जाळीचा पोशाख घालून आला, औषध मारलं, पोळं पिशवीत घालून गेला. त्याने पत्र्याच्या फटी बुजवायला सांगितलं. आतोबांनी त्या प्लास्टरने इतक्या सुबक बुजवल्या की आत्याने चक्क कौतुक केलं, पण पाठीमागे.

दुसऱ्या वर्षी माश्यांनी परसाच्या पार टोकाला, अंजिराच्या शेंड्यावर घर केलं. "हे राहू दे," आत्या म्हणाली. "तिकडे कुणी जात नाही. कोबीवरच्या अळ्याही खातायत." मात्र तिने आतोबांना शिकाऊच करून टाकलं. पेल्यावर झाकण, डब्यावर झाकण, पडलेलं फळ रोज उचलायचं, अंगणात अनवाणी फिरायचं नाही, माशी आली तर पुतळा व्हायचं. आतोबा म्हणत, "पुतळा तर मी लग्नापासूनच आहे."

साहेबांनी मात्र कुणाला वाटलंही नव्हतं असं केलं. या वयात ते आत्याकडे मोटार शिकायला आले. पुन्हा वेळ आलीच, तर घरच्यांसाठी तरी गाडी हाकता आली पाहिजे, म्हणाले. शिष्य म्हणून भयंकर. गिअर असा टाकायचे की आतून कुणीतरी विव्हळायचं.

एका सकाळी भर चौकाजवळ उघड्या काचेतून गांधीलमाशी आत आली आणि स्टिअरिंगवर, त्यांच्या बोटांच्या मधोमध बसली. साहेब पांढरेफटक पडले.

"इंजेक्शन खिशात आहे?" आत्याने हळूच विचारलं.

"आहे."

"मग ब्रेकवर पाय. माझ्या बाजूच्या ब्रेकवर माझाही आहेच. गाडी थांबली. सगळ्या काचा उघडतेय मी. हात तिथेच राहू द्या."

मागून भोंगे सुरू झाले. माशी त्यांच्या अंगठ्यावरून चालत गेली, घड्याळाच्या पट्ट्यावर थांबली, मिशा साफ केल्या आणि काचेतून निघून गेली.

साहेबांनी अशी एक कचकचीत शिवी हासडली की शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून नमस्कार केला. आत्या इतकी हसली की चौकातला दिवा दोनदा हिरवा होऊन गेला, तरी गाडी तिथेच.