फडक्यात राहिलेली पेज

गाळणीमावशीच्या खोलीत मूल रडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि गवयाला आपल्या गळ्याचा असतो तसा तिला याचा अभिमान होता. कपड्यांच्या कारखान्यात शिवायला जाणाऱ्या बायका सकाळी आपली पोरं तिच्याकडे टाकत आणि संध्याकाळी उचलून नेत. न्यायला येत तेव्हा सगळी चटईवर ओळीने पडलेली असत, मुठी सैल, डोळे अर्धवट मिटलेले. "देवासारखी आहेत गं पोरं," मावशी म्हणे. देव जसा दिवसभर काही मागत नाही, तशी तीही मागत नसत, एवढं मात्र खरं होतं.

मावशीचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत असे. बाटलीच्या रबरी बोंडीतून उतरेल तेच बाळाच्या पोटातून उतरेल. म्हणून ती तांदूळ-डाळीची पेज चांगली मऊ शिजवी, पातळ फडक्यात घालून पिळून काढी आणि खाली उतरलेलं पांढुरकं कोमट पाणी बाटल्यांत भरी. फडक्यात जो गोळा राही तो काही तिला टाकवत नसे. अन्न टाकणं म्हणजे पाप. मग मीठ आणि तेलाची धार घालून ती तो स्वतः खाई. अशा रीतीने पोरं बारा महिने शांत आणि मावशी बारा महिने गरगरीत, अशी छान घडी बसली होती. तिच्या मनात लबाडी मुळीच नव्हती. लबाड माणूस निदान कधीतरी बिचकतो. मावशी तेवढंही बिचकत नसे.

त्या ओळीत आता तिचा नातूही होता. सून त्याच कारखान्यात कॉलर शिवायची. बाळ दहा महिन्यांचं झालं तरी आधाराशिवाय बसेना, तेव्हा ती त्याला घेऊन नर्सबाईकडे गेली. नर्सबाईंनी वजनाच्या काट्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, मग पुन्हा काट्याकडे.

"खायला काय घालता?"

"पेज. सासूबाई गाळून देतात."

"गाळून? अहो, मग खातं काय ते? चमचा तिरपा केला तरी पडू नये इतकं घट्ट भरवा. डाळ घाला, अंडं कुस्करून घाला, वर तेल. आणि घरी असाल तेव्हा अंगावर पाजत राहा. पुढच्या महिन्यात काटा हलला नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि सोबत तुम्हालाही राहावं लागेल."

सुनेने बाळाला काट्यावरून उचललं. कारखान्यात रजा मागणाऱ्या बाईची खुर्ची थंड व्हायच्या आत तिच्यावर दुसरी बसते. आणि दवाखान्यात गेलेली सगळीच बाळं परत येतात असंही नाही, हे ती स्वतःशीसुद्धा बोलली नाही.

घरी आल्यावर तिने विषय काढला. मावशीने कपाळाला हात लावला.

"घट्ट? आणि घशात अडकलं तर तुझी नर्सबाई येणार आहे का काढायला? तुझ्या नवऱ्याला मी याच पाण्यावर वाढवलाय."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. दोन पिशव्या घेऊन तो नुकताच जिना चढून आला होता आणि दारातल्या स्टुलावर बसून धापा टाकत होता.

"तुम्ही सांगा ना काहीतरी."

"आईचंही बरोबर आहे," तो दम घेत म्हणाला, "आणि नर्सबाईंचंही बरोबर आहे." मग तो आणखी दम घ्यायला आत गेला.

पुढच्याच आठवड्यात मावशीची दाढ काढावी लागली. दातांच्या डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस चावायचं नाही, पातळ तेवढंच घ्यायचं. गालावर फडकं धरून मावशीने सुनेला खुणेने सांगितलं, पोरांचं करशील त्यातच माझंही कर. काळजी घेणाऱ्या सुनेने अगदी तसंच केलं. कामावर जाण्याआधी तिने पेज शिजवली, फडक्यात घट्ट पिळली आणि पाण्याचा तांब्या सासूच्या उशाशी ठेवला.

"तुमच्या हातची असते तशीच आहे, आई. एक कण नाही ठेवला."

फडक्यातला गोळा तिने तेलात कुस्करला आणि पदराआड बसून बाळाला भरवला. त्याने आधी तोंड वाकडं केलं, मग आ वासला.

पहिल्या दिवशी मावशीला बरं वाटलं. हलकं वाटलं म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीवर विनाकारण खेकसली. तिसऱ्या दिवशी शेजारणीवर खेकसण्यातही तिला राम वाटेना. संध्याकाळी सून आली तेव्हा मावशी चटईवर पोरांच्या ओळीत शेवटची पडली होती, मुठी सैल, डोळे अर्धवट मिटलेले. ओळीत नातू तेवढा हातपाय आपटून भोकाड पसरत होता.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. रडावंसं वाटतंय, पण तेवढाही जोर नाही."

"अगदी देवासारख्या पडलाय," सून म्हणाली.

सुनेने वाटीत घट्ट पेज कालवली आणि बाळाला मांडीवर घेतलं. मावशी कोपरावर उठून प्रत्येक घासाकडे बघत राहिली. घास आत जाई, मावशीचा श्वास अडके. बाळाचा मात्र अडकत नव्हता.

"थांबलीस का? तोंड उघडतोय तो."

"तुम्हाला देऊ थोडी? मऊ आहे. चावावी लागणार नाही."

मावशीने वाटी घेतली. निम्मी झाल्यावर ती थांबली आणि वाटीतच बघत म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या आधीची माझी दोघं होती ना, ती फार शांत होती गं. सगळे कौतुक करायचे."

सून जवळ सरकून बसली. त्या रात्री तिने एकही टोमणा मारला नाही.

मावशीने फडकं खिडकी पुसायला काढलं, पण चूक कबूल करण्याइतकी काही तिची तब्येत खालावलेली नव्हती. महिन्याने ती स्वतः नातवाला कडेवर घेऊन सुनेसोबत नर्सबाईकडे गेली. काटा हलला होता. फार नाही, पण दवाखान्याचं नाव पुसण्यापुरता हलला होता. सुनेने डोळे टिपले.

"छान. काय केलंत?" नर्सबाईंनी विचारलं.

"घट्ट भरवायचं असतं, बाई," मावशी समजावत म्हणाली. "तुम्ही जरा बायकांना नीट सांगत जा. कुणी सांगत नाही त्यांना."

नर्सबाईंनी सुनेकडे पाहिलं. बाळाने काट्याच्या पत्र्यावर दोन्ही हात आपटले आणि काहीतरी खायला मागितलं.