बसवंतमामांनी बस्ता कुठे बांधला

गेल्या महिन्यात एका मंगळवारी लातूरच्या गोलाईतलं आमचं कापडाचं दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं. कारण ऐकून वरून अण्णा नक्की हसले असतील... स्टाफला मोटिव्हेट करायला मी नांदेडहून एक स्पीकर बोलावला होता!

स्टाफ म्हणजे नऊ माणसं. दुकानाची मोठी शोरूम केल्यापासून सगळेच गप्प गप्प असायचे. त्यात बसवंतमामांनी 'दिवाळीनंतर येणार नाही' असं सांगून टाकलं. मामा अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळचे सेल्समन. कारण विचारलं तर, "गुडघे दुखायलेत मालक," एवढंच.

मामा गेले की अर्धं दुकान गेलं, हे मला कळत होतं. पण 'थांबा' कसं म्हणायचं ते कळत नव्हतं. मग मोबाईलवर त्या स्पीकरचा व्हिडिओ बघितला आणि वाटलं, हा थांबवेल मामांना... खरं सांगायचं तर आपलं तोंड उघडायला नको म्हणून भाड्याचं तोंड आणलं.

पोरगा चांगला होता. गादीवर बूट चालत नाहीत म्हटल्यावर मुकाट्याने बूट काढून, ब्लेझर घालून अनवाणी उभा राहिला. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, 'आय अ‍ॅम द बेस्ट' तीनदा म्हणायला लावलं. मामांनी ते आरतीला उभं राहिल्यासारखं हात जोडून म्हटलं.

मग त्याने एक खेळ काढला. मामांनी गिऱ्हाईक व्हायचं आणि आमच्या स्टाफमधल्या सुनीताने साड्या दाखवायच्या. मामा गादीच्या पलीकडे जाऊन बसले... आणि सुनीता साडी उलगडायची, की हे लगेच घडी घालायला घ्यायचे. सगळे पोट धरून हसले, मीसुद्धा.

स्पीकर म्हणाला, "मामा, तुम्ही कस्टमर आहात आता! बरं, तुम्ही स्वतः मोठी खरेदी शेवटची कुठे केली? तिथे काय आवडलं, ते सांगा."

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली. "नांदेडला केली. दोन वर्षं झाले... लेकीच्या लग्नाचा बस्ता."

"वा! मग तिथे काय आवडलं?"

"लई काय न्हाई ओ सर. त्यायनं बसा म्हणलं. चहा दिला. आमच्या मंडळीला इचारलं, ताई, पोरगी गोरी हाय का सावळी..."

माझे कान तापले.

दोन वर्षांपूर्वी मामा लेकीचं लग्न ठरल्याचं सांगायला काउंटरपाशी आले होते. मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलेलं. वर न बघताच म्हणालो, "मामा, काय लागेल ते घेऊन जा, डिस्काउंट टाकायला सांगतो." नंतर ते म्हणाले, पाव्हणे तिकडं लोहा गावचे, त्यायला नांदेड जवळ पडतं. मला ते खरंच वाटलं. उलट बरंच झालं म्हटलं, सीझनच्या गर्दीत तेवढाच वेळ वाचला!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बस्ता म्हणजे लग्नातली सगळी कापडखरेदी, दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून केलेली. माझ्या लहानपणी जळकोट, औशाकडून जीप भरभरून माणसं यायची. अण्णा हॉटेलातून गरम भजी मागवायचे, तान्ही लेकरं लोडाला टेकवून झोपवलेली असायची. कोऱ्या कापडाचा तो वास... आठवला तरी जीव थाऱ्यावर येतो.

आणि दुकानातल्या माणसाच्या घरी लग्न असलं, की अण्णांचा एक नियम होता. त्या दिवशी त्या माणसाने कापडाला हात लावायचा नाही. तो आणि त्याचं घर गिऱ्हाइकाच्या जागी बसणार, आणि अण्णा धोतर सावरून स्वतः गादीवर बसून एकेक साडी दाखवणार. खुद्द मामांच्या लग्नाचा बस्ता तसाच बांधला होता. मी शाळेतून आलो तेव्हा मामा नवरदेवासारखे ताठ बसले होते, ते मला अजून दिसतं.

मी नेमका डिस्काउंट तेवढा ठेवला, आणि 'बसा' म्हणायचं विसरलो.

स्पीकरच्या लक्षात आलं असावं. त्याने हळूच लॅपटॉप मिटला आणि सगळ्यांसाठी चहा मागवा म्हणाला. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही.

संध्याकाळी मामांच्या घरी गेलो. त्यांच्यासमोरच मामींना म्हणालो, "माझं चुकलं." मामींनीच विषय बदलला. लेक माहेरी आलीय, सातवा महिना आहे, डोहाळजेवण करायचंय म्हणाल्या. मी म्हटलं, मग हिरवी साडी आपल्या दुकानातून. तुम्ही तिघांनी यायचं.

परवा रविवारी आले. दार लावून घेतलं नाही, गर्दी होती तशी राहू दिली, आणि मी गादीवर बसलो. मामींनी माझी चांगलीच जिरवली! "हे न्हाई... त्ये वरचं काढा की... ह्याचा काठ बारीक हाय." वीसेक साड्या उलगडल्या. माझ्या घड्या सुटत होत्या आणि मामा दोन्ही हात मांडीखाली दाबून कसेबसे बसून होते.

शेवटी लेकीलाच एक पोपटी साडी आवडली. मामींनी ती तिच्या खांद्यावर टाकून बघितली आणि मान डोलावली.

दिवाळीचं मी काही विचारलं नाही. विचारायचा हक्क राहिला नव्हता.

निघताना मामा चप्पल घालता घालता म्हणाले, "मालक, आधी साडीचा पदर दाखवावा, मग अंग. तुमाला लई शिकवाय लागतंय... एका दिवाळीत काय व्हत न्हाई."

"हाव मामा," मी म्हटलं. मग कितीतरी वेळ खाली मान घालून मी त्या वीस साड्यांच्या घड्या घालत बसलो.