ब्रेडाच्या दक्षिणेचा रस्ता

राजानंद वानखडेला वैमानिक व्हायचं होतं. शाळेतच जाड चष्मा लागला आणि ते राहून गेलं. पुढे पुण्यात कॉम्प्युटर शिकून तो नेदरलँड्सला आला, ब्रेडा शहरातल्या एका मालवाहतुकीच्या कंपनीत लागला, तिथेच घर केलं. विमानांचं वेड मात्र सुटलं नाही. त्याची बायको ललिता पाहुण्यांना आधीच बजावून ठेवायची, "विमानाचा विषय काढू नका, जेवण गार होईल."

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने सगळ्यांना घरात बसवलं. राजानंदने शनिवारच्या ऑनलाइन गप्पा सुरू केल्या. आइंडहोवनचे मराठी इंजिनिअर, डेल्फ्टचे विद्यार्थी आणि औरंगाबादहून त्याचे वडील, निवृत्त शिक्षक दिनकरराव, असे बरेच जण जमायचे. विषय एकच, वाल्टर ग्रेब्निट्स नावाचा जर्मन लढाऊ वैमानिक. सुताराचा मुलगा, ग्लायडरवर उडायला शिकला. स्पेनमध्ये पहिली लढाई, मग पोलंड, हॉलंड, शेवटी रशिया. विमान पेटलं, हात भाजला, तरी पट्टी बांधून पुन्हा उडाला. रशियन कैदेतून परतला तेव्हा तोंडात दात उरले नव्हते. नंतर ट्रॅक्टर विकत म्हातारा झाला.

"त्याला राजकारणाशी देणंघेणं नव्हतं," राजानंद म्हणायचा. "तो फक्त उडायचा."

मे १९४० चा भाग सांगताना तर तो फारच रंगला. "मी राहतो ना, त्याच ब्रेडाच्या दक्षिणेचा रस्ता पठ्ठ्याने एका सकाळीत साफ केला." पडद्यावर टाळ्यांची चित्रं उमटली. पुढच्या शनिवारी दिनकरराव आले नाहीत. नेट नीट चालत नाही, म्हणाले.

त्या दिवसांत गल्लीतल्या लोकांनी येणाऱ्याजाणाऱ्या मुलांसाठी खिडक्यांत टेडी बेअर ठेवले होते. राजानंदने आपल्या खिडकीत ग्रेब्निट्सच्या विमानाचं मॉडेल टांगलं. आठवडे खर्चून जोडलेलं, पिवळ्या नाकाचं. शेपटीवरचं नाझींचं चिन्हही त्याने चिमट्याने धरून नीट चिकटवलं होतं. ललिता म्हणाली, "हे इथे बरं दिसेल का?" तो म्हणाला, "इतिहास आहे तो."

शेजारी तोस फान डोंगन राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या. टाळेबंदीत राजानंद त्यांचं सामान आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधून आणून दारात ठेवायचा, आणि त्या कधी कधी सूपचं भांडं बाहेर ठेवायच्या.

चार मेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, संध्याकाळी देशभर दोन मिनिटं शांतता पाळतात. गल्लीतले लोक आपापल्या दारात उभे राहिले. शांतता संपल्यावर तोस हळूहळू चालत त्याच्या खिडकीपर्यंत आल्या आणि दूरच थांबल्या. विमानाकडे पाहत त्यांनी विचारलं, "हे तू केलंस?"

"हो," राजानंद म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी ऐट होती. ती पुढे त्याला फार आठवत राहिली.

"मी सहा वर्षांची होते," तोस म्हणाल्या. "शहर रिकामं करा असा हुकूम आला. आम्ही सगळे बेल्जियमकडे चालत होतो. आईने माझ्या मोठ्या भावाला, केसला, माझा हात सोडू नको म्हणून सांगितलं होतं. विमान रस्त्याच्या रेषेत खाली आलं. केसने मला खंदकात ढकललं, त्यासाठी हात सोडावा लागला. तो रस्त्यावरच राहिला."

"तो... तो वैमानिक हाच असेल असं नाही," राजानंद कसाबसा म्हणाला.

"मला कसं कळणार? खालून सगळी सारखीच दिसायची." त्या वळल्या आणि घरात गेल्या.

त्या रस्त्यावर सैन्यापेक्षा घर सोडून निघालेली माणसंच जास्त होती, हे राजानंदला ठाऊक होतं. त्याने ते वाचलेलं होतं. गोष्टीचा वेग जातो म्हणून सांगताना गाळलं होतं. त्याने विमान उतरवलं, पण ते हातात घेऊन उभं राहायचीही त्याला लाज वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांना फोन केला. "बाबा, तुमचं नेट ठीक होतं ना?"

"ठीक होतं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

दिनकरराव म्हणाले, "ज्यांनी जातीवरून आपल्या लोकांना पायाखाली घातलं, त्यांच्या शौर्याच्या गोष्टी मी आयुष्यभर वर्गात शिकवल्या. नोकरी होती, पुस्तकात होतं. तुला कुणाची सक्ती होती, बाळा?"

राजानंदने फोन ठेवला.

दोन दिवसांनी सामान ठेवताना त्याने तोसना दारातूनच विचारलं, "मी चुकलो. केसबद्दल शनिवारच्या गप्पांत माझ्या लोकांना सांगू का?" आपण काहीतरी भरून काढतोय असं त्याला वाटत होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "तो तुझ्या शनिवारसाठी नाही."

तेव्हा त्याला पहिल्यापेक्षा जास्त शरम वाटली. कारण माफी मागतानाही आपण गोष्टच शोधत होतो, हे त्याला कळलं.

शनिवारी त्याने एवढंच सांगितलं, "त्या रस्त्यावर माणसं होती, घर सोडून निघालेली. मला माहीत होतं आणि मी लपवलं. हे आता इथेच थांबवतो." कुणीतरी म्हणालं, "अरे, छान रंगलं होतं, उगाच मनाला लावून घेतोस." राजानंदने कॉल बंद केला.

तोस सामान घेत राहिल्या, "धन्यवाद" म्हणत राहिल्या. सूपचं भांडं पुन्हा बाहेर आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या कोरोनाने गेल्या. अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी होती. गाडी गल्लीतून हळू जाताना शेजारी दारात उभे राहिले, काहींनी फुलं टाकली. ललिताने त्याच्याही हातात ट्यूलिप दिले होते. गाडी समोर आली तेव्हा ललिताने फुलं टाकली. तो पायरीवर मान खाली घालून उभा राहिला, आणि हातातली फुलं तशीच घरात घेऊन आला.