चार बोटं पाणी

खरं लिहिण्याचा माझ्या बायकोच्या मामांइतका हट्ट धरणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. वडशाजवळच्या त्यांच्या धानाच्या बांधीत पाणी मोजायला खुणांची एक काठी रोवलेली असे. रोज सकाळी चहाआधी मामा तिची भेट घेऊन येत. बांधीत पाणी सतत साचून राहिलं की चिखलातून हवा तापवणारा वायू सुटतो, मधूनमधून ती सुकू दिली की तो कमी होतो, हे त्यासाठीच निघालेल्या आमच्या प्रकल्पाचे साहेब तासभर समजावत. मामा एका वाक्यात उरकत, "चिखलाले अजीर्ण झालं का तो ढेकर देते." अकरा शेतकरी पाण्याची बोटं रोज वहीत लिहीत. सगळ्या वह्या एकत्र मांडल्या की बांध्या कधी सुकवायच्या ते ठरे. मामांना याचं एवढं वेड, की लग्नाच्या पंगतीत ते व्याह्यांची खुशाली नंतर विचारत, आधी "तुमच्या इथी किती बोटं?" नाटकाच्या मंडपात मध्यंतराला उठून आकडे वाचू लागत. मग मागून कोणी म्हणे, "बसा जी मामा, राणी थांबून राह्यली."

प्रकल्पात वह्या गोळा करण्याचं काम माझं. एका श्रावणात मामा लेकीच्या बाळंतपणासाठी गडचांदूरला गेले. जाताना वही माझ्या हाती दिली. "जवाईबापू, आठ दिवस काठी पाहून घेजा."

मी एकदाही गेलो नाही. पाऊस होता, चिखल होता, पण खरं कारण आळस. घरी बसून आठही दिवस 'चार बोटं' लिहिलं. मामा परतले तेव्हा खेकड्यांनी पोखरलेल्या बांधातून सगळं पाणी वाहून गेलं होतं, बांधीत बोटभरही उरलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बैठक होती. माझ्या आकड्यांवर अकरा घरांच्या बांध्या चुकीच्या दिवशी सुकवल्या गेल्या असत्या. वाचता वाचता मामा त्या पानावर थांबले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. "ह्या आठ दिवसाचं मले ठाऊक नाई," म्हणाले, आणि आठही आकड्यांवर रेघ मारली.

"काऊन मामा, तुमच्या वहीत खाडा?" शेजारचा हसला. "आमाले तं तापातही सोडलं नाई तुमी."

"माणूस हाय. चुकते."

कोणता माणूस, ते मामांनी सांगितलं नाही. मी पुढची वही त्यांच्यापुढे सरकवली.

परतताना एवढंच म्हणाले, "गेलो नाई, असं लिहाचं होतं जवाईबापू. त्याले कोण हसते?"

पुढे मामा वारले. काठी आता मी पाहतो, चहाआधीच. तरी महिन्यातून एखादा दिवस चुकतोच. त्या दिवशी वहीत लिहितो, 'गेलो नाही.' तेवढे दोन शब्द मात्र मी सावकाश, चांगल्या अक्षरात लिहितो.