वृंदाला न सांगितलेला प्रश्न

एमआरआयच्या फिल्म दिव्यासमोर धरून डॉक्टरांनी त्या दोनदा पाहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, "मुलीचे आजोबा का?" शेजारी माझी सून वृंदा होती आणि तिच्या मांडीवर सहा वर्षांची गार्गी झोपली होती. मुलगा श्रीधर खाली औषधांच्या रांगेत होता.

डॉक्टर आमच्याच भागातल्या हावेरीकडचे. बेंगळुरूच्या त्या दवाखान्यात माझं धारवाडी कन्नड ऐकून ते जरा खुलले. मी त्यांना सांगून टाकलं, सून साताऱ्याची आहे, तिला कन्नड येत नाही. काय असेल ते मला सांगा, मी तिला सांगेन. घरातल्या वडीलधाऱ्याचं ते कामच आहे असं मला वाटे. चूक तिथेच झाली.

आजाराचं नाव डिफ्यूज इन्ट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लायोमा, म्हणजे डीआयपीजी. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठातली गाठ. ती पिठात मीठ मिसळावं तशी पसरते, म्हणून कापून काढता येत नाही. फार थोड्या मुलांना होते. रेडिएशनने काही महिने मिळतील, पण मुलगी बरी होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. एवढं मी वृंदाला खरं सांगितलं.

त्याआधी दोन आठवडे गार्गी म्हणत होती, "अज्जा, मला तू दोन दिसतोस. त्यातला कमी ओरडणारा कुठला?" आम्ही हसत होतो. एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, हसताना ओठ एकीकडे ओढला जाणं हे मुलात दिसलं तर हसण्यावारी नेऊ नका.

रेडिएशन सहा आठवडे चाललं. स्टेरॉइडने तिचा चेहरा सुजला, भूक वाढली. त्यानंतरचे चार महिने मात्र मी आजही जपून ठेवले आहेत. ती घरी, नवनगरच्या आमच्या गल्लीत पुन्हा धावली. एकदा आम्ही दोघं पॅसेंजरने अळणावरला गेलो, नुसतं सागाची झाडं बघायला. स्टेशनबाहेर तिने कांदा घालून कालवलेल्या चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं, तिखटाने नाक पुसलं आणि आणखी मागितलं. येताना माझ्या खांद्यावर झोपली. तिच्या केसांना कांद्याचा वास येत होता.

मग तिचं बोलणं अडखळू लागलं, पाणी गिळता येईना. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी वृंदाकडे बघत, पण मी तिला सांगावं म्हणून कन्नडमध्ये एक प्रश्न विचारला. वृंदाने विचारलं, "अप्पा, काय म्हणतात?"

मी म्हटलं, "पेज पातळ करून द्या म्हणतात."

डॉक्टरांना म्हणालो, "ब्याडरी." म्हणजे नको. त्यांनी मान हलवली आणि विषय सोडला. त्यांना वाटलं, आईने नाही म्हटलं.

श्रीधर त्या दिवशी सोबत नव्हता; त्यालाही मी कधी सांगितलं नाही. गार्गी दिवाळीआधी गेली.

याला आता अकरा वर्षं झाली. परवा एका ओळखीच्यांच्या नातवाला हाच आजार निघाला, म्हणून मी त्यांच्यासोबत शहरातल्या कोप्पीकर रोडवरच्या एका तरुण डॉक्टरकडे गेलो. त्याने समजावलं, यातल्या बऱ्याच गाठींत एकच ठरावीक जनुकीय बदल असतो, हे आता कळलंय. त्यावर गोळ्या निघाल्या आहेत. काही मुलांत गाठ काही काळ आकसते. शरीरातल्याच पेशींना गाठीशी लढायला तयार करण्याचे प्रयोगही चालू आहेत. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. मी विचारलं, हे कळलं कसं? तो म्हणाला, "मुलं गेल्यावर ज्या आईवडिलांनी संशोधनाला गाठी दिल्या, त्यांच्यामुळेही."

घरी येऊन मी वृंदाला हे सगळं सांगितलं, आणि तेव्हा तिच्यापासून लपवलेलंही. ती पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन बसली. दोन दिवस माझं ताट वाढलं, पण बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी समोर येऊन बसली. आता तिला कन्नड माझ्याइतकंच येतं.

"तेव्हा बेंगळुरूचे डॉक्टर काय बोलले होते ते जसंच्या तसं सांगा. तुमच्या पदरचं काही घालू नका."

मी आठवेल तेवढं कन्नडमध्येच सांगितलं. मुलगी गेल्यावर तिची गाठ आम्हाला अभ्यासाला द्याल का? तुमच्या मुलीला याचा उपयोग नाही. पुढच्या कुणाला तरी होईल. आईला विचारा, घाई नाही.

"घाई नाही म्हणाले होते?"

"हो."

"मग तुम्ही का नाही विचारलंत?"

मी म्हणालो, मूल समोर बसलेलं असताना ते शब्द तुझ्यापुढे काढायचे कसे, मला कळलं नाही. तुझं दुःख वाचवलं असं तेव्हा वाटलं. खरं तर मी माझं वाचवलं.

ज्यांनी हो म्हटलं, त्या अनोळखी आईवडिलांचे उपकार माझ्या ओळखीच्यांच्या नातवावर आहेत. तुमच्या घरी हा प्रश्न आला तर उत्तर काहीही द्या, पण तो आईवडिलांपर्यंत पोचू द्या. मध्ये माझ्यासारख्याने उभं राहू नये.

त्या सकाळी वृंदा माझं ऐकून उठली. मग म्हणाली, "मी हो म्हटलं असतं, अप्पा. हे लिहून ठेवा."