क्योटोतल्या चुलीपुढे आत्या

जगात कुठेही कुणावर अन्याय झाला, की त्यावर चिडण्याचा मक्ता माझ्या थोरल्या आत्याकडे आहे. तालुक्याच्या स्टँडवर एखाद्या अनोळखी म्हातारीला बसमध्ये जागा मिळाली नाही, तर ही गावाकडे निघालेल्या जीपमधली स्वतःची जागा सोडून कंडक्टरशी भांडायला बसमध्ये चढते. टीव्हीवरच्या सासवांना ती असल्या आवाजात झापते, की शेजारीण एकदा घाबरून "कोन आलंय वो?" म्हणत डोकावून गेली. स्वतःच्या बाबतीत मात्र चकार शब्द नाही. नोकरीपायी मी जपानात असतो, म्हणून गेल्या वर्षी तिला इकडे आणले. रोज आम्हा नवराबायकोला वाढायची आणि मागाहून ओट्यापाशी उभ्याने चार घास खायची. तिने एकदा तरी आमच्याबरोबर जेवायला बसावे म्हणून मी जंग जंग पछाडले.

पूर्वीची माणसे कशी राहत ते बघू, म्हणून तिला क्योटोत एका व्यापाऱ्याच्या जुन्या लाकडी घरात नेले. तिने रस्त्यावरच बूट काढले. तिथला रिवाज उलटा. स्वयंपाकघराची जमीन मातीची, तिथे पायताण घालूनच वावरायचे आणि चटयांच्या खोलीत चढताना काढायचे. माहिती सांगणाऱ्या आजी चपलांसकट चुलीपुढे उभ्या राहिल्या आणि आत्याचा पारा चढला. "चुलीम्होरं पायतान? लाज हाय का न्हाई हिला?" मी भाषांतरात लाज गाळली. आजी कमरेत वाकल्या, तेव्हा आत्याला वाटले, चूक कबूल झाली.

मग आजींनी सांगितले, की पूर्वी घरची सून खाली रांधायची, वर नेऊन वाढायची आणि सगळ्यांचे झाल्यावर इथेच चुलीपाशी जेवायची. आत्या भडकलीच. "वर येवढी जागा पडलीया, अन् ती हितं गारठ्यात? बाई, तू बी बस, असं कुनी म्हनलं न्हाई? मानसं हुती का दगडं? इचार तिला!" मी विचारले. आजी म्हणाल्या, "मीही अशीच जेवले." आत्याने त्यांचा हात हातात घेतला आणि चपलांचा गुन्हा जागच्या जागी माफ केला. आज ही आमच्याबरोबर जेवायला नक्की बसणार, अशी माझी खात्री झाली.

घरी येईपर्यंत ती त्या आजींच्या कधीच्या मेलेल्या सासूला शिव्या घालत होती. बायकोने तीन ताटे मांडली. आत्याने आपले ताट उचलून ओट्यावर ठेवले आणि तवा चढवला. माझे डोकेच फिरले. "आम्ही रोज बस म्हणतो ना? मग आम्ही माणसं आहोत की दगडं?" मी ओरडलो. "आरं, माजं काय यवढं," ती भाकरी उलटत म्हणाली, "आदी तुमी जेवा."

आम्ही जेवलो. भाकरी गरम होती, छान लागली. तिच्या बाजूने भांडायला तिच्यासारखे माणूस मात्र घरात कुणी नव्हते.